तीन झाडं वापरायची, बाकीची नुसती ओळखायची

प्रश्न असा आहे. नाशिकरोडच्या एका शाळेतले शिक्षक श्रावणात आठवी-नववीची ४० मुलं घेऊन त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी डोंगरावर जाणार आहेत. वाटेत कुणाला लागलं, खरचटलं, पाय मुरगळला, भाजलं, काही चावलं, तर रानातल्या कोणत्या वनस्पती लगेच वापरता येतील? त्या ओळखायच्या कशा? आणि मुलांना त्या खुडून घरी आणू द्याव्यात का?

सर, मी आयुर्वेदाची वैद्य. त्र्यंबक रस्त्याला माझा दवाखाना आहे, त्याला आता २४ वर्षं होतील. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, तेव्हा अनवाणी चालून आलेल्यांचे पाय मी रात्रभर धुते आणि बांधते. कुणाला काच लागलेली असते, कुणाला बाभळीचा काटा, कुणाच्या अंगठ्याचं नखच उचललेलं असतं. झाडपाल्यावर माझं पोट आहे आणि जीवही आहे. तरीही तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर फार छोट्या यादीचं आहे. डोंगरावर, प्रथमोपचार म्हणून, तीनच झाडं: दगडीपाला, निर्गुडी आणि कोरफड. त्यातलीही दोन त्या दिवशी फारशी लागणार नाहीत. बाकीची झाडं मुलांनी ओळखायची ती हात लागू नये म्हणून. आणि तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. काढा नाही, रस नाही, ‘एवढं पान चावून खा’ हेसुद्धा नाही.

झाडांच्या आधी पाण्याचं बोलते, कारण इथे मी स्वतः चुकलेली आहे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत एक शेतकरी तळपायाला चीर घेऊन आले. खाचरातला चिखल बोटांत तसाच होता. मी वरवर पुसलं, बांधावरचा दगडीपाला त्यांनीच आणला होता तो चुरगाळून भरला आणि पट्टी बांधली. रक्त थांबलं. मला वाटलं, काम झालं. चौथ्या दिवशी ते लंगडत आले तेव्हा जांघेत अवधाण, म्हणजे गाठ आलेली, अंगात ताप, आणि पट्टी सोडली तर पाल्याचा काळा लगदा पुवात भिजलेला. पुढे त्यांना मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, जखम उघडून साफ करावी लागली, आणि ऐन आवणीतले १२ दिवस गेले. पाला वाईट नव्हता. मी घाण आत ठेवून वर झाकण घातलं होतं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुतल्याशिवाय तिच्यावर पान ठेवायचं नाही. पिण्याचं पाणी घ्या, ओढ्याचं नको. बाटलीच्या झाकणाला टाचणीने भोक पाडा आणि बाटली दाबा. बारीक धार जोरात येते आणि माती, खडे निघून येतात. निदान पाच मिनिटं धुवा. साबण जखमेच्या कडेला लावा, आत चोळू नका. मुलं ओरडतील, त्यांना ओरडू द्या. तुमच्याकडे ४० मुलं आहेत, तेव्हा पिण्याच्या पाण्याखेरीज पाच लिटरचा एक कॅन नुसता धुण्यासाठी वर न्या. दोन मोठ्या मुलांनी आळीपाळीने धरला तर जड होत नाही.

आता दगडीपाला. कुणी याला एकदांडी म्हणतं, कुणी जखमजुडी. हे झाड तुम्ही रोज बघता. शाळेच्या कुंपणाशी, नाशिकरोड स्टेशनच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत, गोदाघाटाच्या पायऱ्यांच्या सांध्यांत, सगळीकडे आहे. मूळचं अमेरिकेतलं, पण इथे इतकं रुजलंय की गावातली म्हातारी माणसंसुद्धा त्याला आपलंच समजतात. एकदा खाली बसून नीट बघा, म्हणजे पुन्हा चुकणार नाही. खोड जमिनीवर पसरतं आणि पेरापेरांवर मुळं धरतं. पानं समोरासमोर, जोडीने येतात. बोटाएवढी लांब, टोकदार, आणि कडेला मोठे, ओबडधोबड दाते. पानावरून बोट फिरवलं की दोन्ही बाजूंनी खरखरीत लव लागते. पण खरी खूण दांडीची. पानांच्या मधून वीतभर लांब, बिनपानांची, उघडी दांडी सरळ वर जाते आणि तिच्या टोकाला एकच फूल. म्हणून एकदांडी. फुलाचा मधला डोळा पिवळा, भोवती पाचेक पांढरट, पिवळसर छटेच्या पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला खाच पडून तीन दात झालेले. वाळलं की कापसासारखा गोळा होतो आणि फुंकर मारली की बिया उडतात. मुलांना फुंकर मारू द्या, ती खूण जन्मभर लक्षात राहते.

याच्याशी गफलत होण्यासारखी दोन झाडं आहेत. एक माका. त्याचं फूलही पांढरं आणि बारीक, पण त्याला लांब दांडी नसते; फूल पानाच्या बगलेत बसतं, झाड ओलसर जागी, चारीच्या, नळाच्या कडेला उगवतं आणि खोड चुरगाळलं की रस काळपट पडतो. माका जखमेला लागला तर मोठं नुकसान नाही, तो केसाच्या तेलातला आहे. दुसरं मात्र घातक: गाजरगवत. १९५५च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात नजरेस आलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. त्याची पानं गाजराच्या पानासारखी कातरलेली, फुलं साबुदाण्याएवढी, पांढरी, झुपक्यांनी. काहींच्या अंगाला ते नुसतं लागलं तरी खाज सुटते, पुरळ उठतो, कातडी जाड होते. ‘पांढऱ्या फुलाचं रस्त्याकडेचं झाड’ एवढ्याच खुणेवर एका मुलाने आपल्या भावाच्या गुडघ्याला गाजरगवत चोळलं होतं. गुडघ्याची जखम आठवड्यात भरली, पुरळ महिनाभर राहिला. म्हणून मी मुलांना सांगते, दांडी दिसली नाही तर तोडायचं नाही.

पाला घ्यायचा कुठून, हेही नाशिकमध्ये महत्त्वाचं आहे. द्राक्षबागेच्या ओळींत आणि बांधावर दगडीपाला छान वाढतो, हिरवागार दिसतो. तिथला कधीही घेऊ नका. बागेवर हंगामात किती वेळा फवारणी होते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि बांधावर तणनाशकही मारलेलं असतं. रस्त्याच्या अगदी कडेचा नको, कुत्री जिथे फिरतात तिथला नको. माळावरचा, दगडांच्या आडचा घ्या. पावसात तो धुतलेला असतो, तरी पुन्हा धुवा.

वापरायची रीत. दहा-बारा कोवळी पानं, देठ आणि फूल काढून टाकलेली. आधी आपले हात साबणाने धुवायचे. पानं पिण्याच्या पाण्यात दोनदा खळबळायची आणि तळहातावर अंगठ्याने मळायची. मिनिटभरात हिरवा, गवतासारख्या वासाचा रस सुटतो, बोटं हिरवी होतात. बरेच लोक पाला तोंडात चावून जखमेवर थुंकतात. ते करू नका. तोंडातले जंतू जखमेत गेले तर पाल्याचा फायदा कुठल्या कुठे जातो. धुतलेल्या खरचटण्यावर, बारीक चिरेवर रस पिळायचा, थोडं चुरचुरतं. त्यावर स्वच्छ गॉज ठेवायचा आणि दाबून धरायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. खरं सांगते, रक्त थांबण्याचं निम्म्याहून जास्त श्रेय त्या दाबून धरलेल्या अंगठ्याचं असतं. दगडीपाल्यावर प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर बरंच काम झालंय, त्यात जखम भरायला मदत होताना दिसते, आणि माझा अनुभवही तोच. पण पाला मिळाला नाही म्हणून कुणी नुसतं बसून राहिलं, दाब दिलाच नाही, तर ते चूक. पाला शोधायला एकाने जावं आणि दुसऱ्याने तोवर दाबून धरावं, असं मुलांना शिकवा.

दाबूनही दहा मिनिटांत रक्त थांबलं नाही, जखमेच्या कडा फाकल्या, आत पांढरं-पिवळं काही दिसलं, किंवा काच-काटा खोल आहे, तर पाला अजिबात नको. गॉज, घट्ट पट्टी, आणि खाली. जखमेत भरलेला लगदा टाके घालणाऱ्या डॉक्टरला आधी तासभर उपसावा लागतो. हळद, चुना, कॉफी पावडर, तंबाखू यांचंही तेच. धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाल्याने सुट्टी मिळत नाही. सरकारी लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी ते देतात. तुमच्या मुलांपैकी कुणाचं १० व्या वर्षीचं राहिलंय ते निघण्याआधीच पालकांना विचारून घ्या.

कुत्रा किंवा माकड चावलं, तर त्या जखमेवर पाला नाही, पट्टीही नाही. अंजनेरीला आणि त्र्यंबकला माकडं पिशव्या ओढतात, तेव्हा हे होतं. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. इथे घरगुती काहीही चालत नाही, तिखट नाही, चुना नाही.

निर्गुडी ओळखायला सोपी. ओढ्याच्या काठाने, बांधावर, डोक्याहून उंच झुडूप. एका देठाला पंज्यासारखी तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी आणि खालून राखाडी-पांढरी. वारा आला की पानं उलटतात आणि अख्खं झुडूप रुपेरी दिसतं. शेंड्याला निळसर-जांभळ्या बारीक फुलांचे तुरे. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, त्या वासामुळेच शेळ्या तोंड लावत नाहीत आणि म्हणून ती कुंपणाला लावतात. हरसूलकडच्या एक आजी माझ्याकडे गुडघ्यासाठी येत, त्या सांगत की रात्री अंधारातही निर्गुडी हाताला कळते. त्यांनी मला डोळे मिटायला लावून चार पानं ओळखायला दिली होती. तुम्हीही मुलांना असं करून बघा.

मुरगळलेल्या पायाला निर्गुडी बांधायची हे सगळ्यांना माहीत असतं. कधी बांधायची, तिथे मात्र चुकतात. पाय मुरगळला की आतल्या बारीक शिरा तुटतात, रक्त साकळतं, सूज चढत असते. त्या वेळी तव्यावर गरम केलेला पाला बांधला की सूज आणखी वाढते. पहिले दोन दिवस शेक नाही, चोळणं नाही, ‘पाय बसवणं’ तर मुळीच नाही. ओल्या फडक्याची थंड घडी १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. तिसऱ्या दिवसापासून घरी निर्गुडीची पानं, एरंडेलाचा हात लावून तव्यावर कोमट करायची आणि सोसेल इतपत शेकायचं, त्याने आखडलेपणा छान सुटतो. म्हणजे डोंगरावर निर्गुडीच्या पाल्याचा उपयोग नाही. काठीचा मात्र आहे. तिच्या फांद्या सरळ आणि हलक्या असतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना दोन काठ्या, मध्ये कापड आणि वरून ओढणीने बांधलं तर पाय हलत नाही आणि मूल खाली आणता येतं. चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच बोट लावल्यावर जोरात दुखत असेल, तर मुरगळला म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा. मुका मार लागला असेल तर घरी गेल्यावर आंबेहळद आणि तुरटीचा लेप चालतो, कातडी फुटलेली नसेल तरच.

याच ठिकाणी बिब्ब्याचं सांगायलाच हवं. मुरगळल्यावर बिब्बा घालायची रीत आपल्याकडे अजून आहे. गरम सुईने बिब्ब्याचं तेल घेऊन दुखऱ्या जागी फुल्या काढतात. दर पावसाळ्यात माझ्याकडे असे पाय येतात: मुरगळणं कधीच बरं झालेलं असतं, आणि घोट्यावर लिंबाएवढे काळे, पाण्याने भरलेले फोड. बिब्बा आयुर्वेदात औषध आहे, पण शुद्ध केल्याशिवाय आणि वैद्याशिवाय नाही. वाटेतलं कुणी प्रेमाने बिब्बा घालू म्हणालं, तर मुलाचा पाय पुढे करू नका.

कोरफड रानात क्वचित दिसेल, पण वाडीतल्या घरांच्या दारात, पत्र्यावर, डब्यात असतेच. भाजलं तर आधी पाणी, आणि पुरेसं पाणी: २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही. चहाच्या टपरीवर भाजणं हे सहलीत हमखास होतं, आणि टपरीवाला कोलगेट पुढे करतोच. पाण्याने आग शमल्यावर, कातडी नुसती लाल असेल आणि फुटलेली नसेल, तर कोरफड. पान बुडाशी कापा आणि पाच-दहा मिनिटं उभं धरून ठेवा. कापल्या जागेतून पिवळा, कडू चीक गळतो. तो गळू द्या, मग पान धुवा, साल काढा आणि आतला पारदर्शक गर तेवढा लावा. तो पिवळा चीक कातडीला चुरचुरतो. तोच वाळवून काळा बोळ करतात, जुलाबासाठी. भाजलेली जागा त्या मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा तोंड, हात, सांधा भाजला असेल, फोड आले असतील, तर गरही नको, स्वच्छ ओलं कापड झाकून दवाखाना.

कोरफडीच्या नावाखाली घायपात कापून आणल्याचं मी दोनदा पाहिलंय. बांधावर, रेल्वेच्या कडेला लावलेली ती मोठी, करकरीत पानांची. तिच्या टोकाला दाभणासारखा काळा काटा असतो, पान मोडत नाही, आत दोर असतात. तिचा रस कातडीला लागला की आग होते आणि बारीक फोड येतात. कोरफडीचं पान बोटाने दाबलं तर दबतं, घायपातीचं दबत नाही.

तोंडावाटे काही द्यायचं नाही, हे मी इतक्या ठामपणे का म्हणते? कारण विषारी झाडं दिसायला फार साधी असतात. शाळांच्या कुंपणाला मोगली एरंड लावलेला असतो, काही जण त्याला चंद्रज्योत म्हणतात. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात. एक मूल खातं, मग ते मित्रांना देतं, आणि संध्याकाळी दहा-बारा मुलं एकाच वेळी उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात. हे पुन्हा पुन्हा होतं. तुमच्या शाळेचं कुंपण आधी बघा. याच मोगली एरंडाचा चीक रक्त थांबायला लावतात, ते मला माहीत आहे, पण ज्या झाडाची बी मुलाच्या पोटात जाऊ शकते ते झाड मी त्याला औषध म्हणून दाखवणार नाही. धोतऱ्याची बी मिरचीच्या बीसारखी दिसते. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची बी मुलं खेळायला खिशात ठेवतात. ती हृदयावर परिणाम करते. आणि अंजनेरीला श्रावणात हमखास भेटणारी कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल, पाकळ्या मागे वळलेल्या, आणि पानाचं टोक तार गुंडाळल्यासारखं वळून शेजारच्या फांदीला धरतं. ते वळलेलं टोक ही पक्की खूण, फूल नसतानाही दिसते. तिचा कंद जीव घेऊ शकतो. फोटो काढा, हात लावू नका.

बाहेरचं खाऊन जुलाब झाले तर कुठलं मूळ शोधत फिरू नका. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. किंवा जलसंजीवनीची पुडी. बस्स.

रुईचं जरा सविस्तर लिहिते, कारण अंजनेरी हे मारुतीचं जन्मस्थान मानतात आणि मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. मुलं माळ हातात घेतात, पान तुटतं, पांढरा चीक बोटाला लागतो, आणि तोच हात डोळ्याला. काटा काढायलाही हा चीक लावतात, तोही असाच उडतो. दुखलं तर निदान मूल सांगेल. रुईचा चीक डोळ्यात गेला तर पुष्कळदा फारसं दुखतच नाही. काही तासांनी नुसतं धुक्यातून बघितल्यासारखं दिसायला लागतं. सातवीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली होती, तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि घरच्यांना वाटलं चष्मा लागला. तिची आजी म्हणाली, ‘काल नुसती माळ गुंफली हो हिने.’ मी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, काही दिवसांच्या थेंबांनी नजर परत आली. चीक गेल्याचा संशय जरी आला तरी १५ मिनिटं पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. माळ वाहायची तर वाहा, नंतर सगळ्यांचे हात साबणाने धुवून घ्या.

खाजकुइलीच्या शेंगा पावसाळा संपल्यावर पिकतात, त्यामुळे तुम्हाला श्रावणात त्रास नाही. हिवाळ्यात गेलात तर लक्षात ठेवा: चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढायची म्हणजे कुसळं निघतात, मग धुवायचं. शेण लावू नका.

आता साप. यावर माझं मत कुणाला आवडो न आवडो, बदलणार नाही. सापाच्या विषावर रानात एकही झाड नाही. सर्पगंधा हे नाव ऐकून लोक फसतात. ते रक्तदाब उतरवणारं झाड आहे, १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि साप चावल्यावर ज्याचा रक्तदाब आधीच खाली जातोय त्याला ते देणं म्हणजे धोका वाढवणं. ईश्वरीची मुळीही साप-विंचवावर देतात. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड मूत्रपिंड खराब करतं आणि कॅन्सरलाही कारण ठरतं. भगताकडे नेऊन बरे झालेले लोक मलाही भेटतात. त्यांना बहुतेकदा बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापाने विष सोडलेलंच नसतं. भगताकडच्या अनेकांना झाडं माझ्याहून जास्त कळतात, मी त्यांच्याकडून शिकले आहे. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांच्या विषाला उतारा सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या प्रतिविषाचाच, आणि तो दवाखान्यातच मिळतो.

म्हणून चावलं की मुलाला बसवा, धीर द्या, चावलेला हात-पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा. अंगठी, कडं, काळा दोरा, बूट काढा. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, पाला लावू नका, साप मारायला धावू नका. वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. डोंगराच्या आतल्या अंगाला रेंज जाते. एक मोठा माणूस पुढे रेंजमध्ये पाठवा आणि बाकीच्यांनी मुलाला उचलून न्या, चालवू नका. मुक्काम असेल तर एक जास्तीची गोष्ट: मण्यार रात्री झोपेत चावते, खूण जवळपास दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणालं आणि पापण्या मिटू लागल्या, तर ते अपचन समजू नका. मुलांना जमिनीवर झोपवायचं तर मच्छरदाणी गादीखाली खोचून.

विंचवालाही हेच. आघाड्याची मुळी उगाळून लावतात, तिच्यात वेळ जातो. नुसती जागा दुखत असेल तर थंड पट्टी पुरते. पण दरदरून घाम, हातपाय गार, उलटी, छातीत धडधड असेल तर तो लाल विंचू समजून धावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून कोकणात या दंशाने मरणारी माणसं वाचवली, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ही गोळी कुठे मिळेल, जवळच्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर खाली आवाज, धूर, अत्तर काही नको. मधमाशी चावलीच तर नखाने लगेच काटा खरवडून काढा, आणि ओठ सुजले, श्वास लागला तर थांबू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, खुडून घरी आणू द्यायचं का. अंजनेरीवरून नाही. तो डोंगर संवर्धन राखीव आहे, आणि तिथल्या पठारावर एक कंदीलफूल आहे ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. त्याचा पहिला शोध याच डोंगरावर लागला. ते गवताएवढंच असतं. मुलं औषधी पाला शोधत गवत तुडवत गेली तर बूट त्याच्यावरच पडेल. तिथे मुलांनी पायवाटेवरून चालावं आणि वहीत चित्र काढावं. ओळखायचा सराव त्याआधी गावातच करा. पांडवलेण्यांच्या पायथ्याला नेहरू वनोद्यान आहे, तिथे एक रविवार सकाळ पुरते. आणि दगडीपाला तर तुमच्या शाळेच्या भिंतीलाच असणार. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला त्याची दांडी, पाकळीचे तीन दात आणि खरखरीत पान शोधून दाखवायला सांगा, आणि मग एकाच्या हातावर लाल शाईचा ठिपका काढून दुसऱ्याला दहा मिनिटं दाबून धरायला लावा. बहुतेक मुलं तिसऱ्या मिनिटाला उघडून बघतात. ती सवय मोडेपर्यंत पुन्हा करून घ्या.